हात शिकतो, मन कुरकुरतं

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला ग्रेड परीक्षांची तयारी सुरू झाली की वस्तुचित्राच्या तासाला एक चूक हमखास दिसते. टेबलावर तांब्या आणि दोन केळी मांडलेली असतात. कागदावर मात्र तांब्याचं तोंड भाकरीसारखं गोल उमटतं आणि बूड पट्टीनं आखल्यासारखं सपाट. मूल खोडतं, पुन्हा तेच काढतं आणि ‘माझ्या हाताला वळणच नाही’ म्हणत वही मिटतं. मोठेपणी हौसेनं पेन्सिल धरणाऱ्यांचंही असंच होतं.

दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. जरा तिरकस पाहिलं की तांब्याचं तोंड डोळ्याच्या पडद्यावर चपटं, लंबवर्तुळाकार पडतं. पण ते गोल असतं हे मेंदूला आधीच ठाऊक असतं आणि तो त्या माहितीकडे झुकतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थाउलेस यांनी १९३१ मध्ये तिरप्या ठेवलेल्या गोल चकत्या दाखवून हे मोजलं. लोकांना दिसलेला आकार डोळ्यात पडणाऱ्या प्रतिमेपेक्षा जास्त गोल निघाला. पुढे १९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी चित्र का चुकतं याची कारणं तपासली, तेव्हाही हाताच्या कसबापेक्षा वस्तू पाहण्यातली चूकच मोठी ठरली.

मेंदूची ही खोड एरवी फार कामाची आहे. तिच्यामुळेच ताट कुठूनही पाहिलं तरी ताटच वाटतं. म्हणून ती आठवड्याभरात सुटत नाही, चित्रापुरती बाजूला ठेवायला शिकावी लागते. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं रुंदी-उंची मोजणं हा त्यावरचा जुना उपाय. दुसरा उपाय म्हणजे केळी आणि तांब्या यांच्यामधली रिकामी जागा काढणं. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे मेंदूकडे तिचा तयार साचाही नसतो.

धीर सुटतो तो प्रगती जाणवत नाही म्हणून. पण जाणवणं आणि होणं वेगळं. स्मृतिभ्रंश झालेल्या एका अमेरिकी रुग्णाला ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली. १९६२ मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. तीन दिवसांत त्याच्या चुका झपाट्यानं कमी झाल्या, पण हे काम आपण पूर्वी केलंय याची आठवण त्याला एकदाही झाली नाही. हाताचं शिक्षण मनाला न कळवता चालू राहतं.

समाधानावरही फार विसंबू नये. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवलं. रोज एकच तास शिकणाऱ्यांना दिवस जास्त लागले, पण एकूण तास कमी. रोज चार तास बसणाऱ्यांपेक्षा त्यांचे तास जास्त सार्थकी लागले, तरी आपण मागे पडतोय असं वाटून नाराज झाले तेच. रविवारी दिवसभर चित्रं काढून आठवडाभर वही न उघडणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

पाहायला शिकणं कसलेल्या हातांनाही सुटत नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ मध्ये जन्मलेले शिल्पकार राम सुतार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात १९५४ ते १९५८ ते अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांची डागडुजी करत होते. त्यांचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला, तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. पदक मिळालेल्या माणसानंही दुसऱ्यांनी घडवलेले आकार न्याहाळण्यात वर्षं घालवली.

नवशिक्यानं रोज अर्धा तास काढावा, प्रत्येक कागदावर तारीख घालावी आणि एकही फाडू नये. आजचं चित्र कालच्याशी ताडून हाती काही लागत नाही. तोच तांब्या तीन महिन्यांनी पुन्हा मांडा, काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. मनाच्या कुरकुरीपेक्षा ती मोजणी जास्त विश्वासाची.