तक्रारीचा दरवाजा पुण्यातच आहे

शिवाजीनगर न्यायालयात मी फौजदारी वकिली करते. ‘मॅडम, पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडेच कशी द्यायची?’ हा प्रश्न पक्षकार हमखास विचारतात. कायद्याने त्याची सोय केलेली आहे आणि तीही पुण्यातच, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने आठ अहवाल दिले आणि ते धूळ खात पडले. उत्तर प्रदेशाचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह पोलीस सुधारणांच्या मागणीसाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. पोलीस हा राज्यांचा विषय, त्यामुळे कायदे राज्यांनी करायचे होते. महाराष्ट्राने १९५१ च्या पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती २०१४ साली.

त्यातली पहिली महत्त्वाची गोष्ट बदलीची. शिपायाला एका ठिकाणी पाच वर्षे, तर फौजदारापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याला ठाण्यात साधारण दोन वर्षे मिळावीत, असे कायदा म्हणतो. याचे मोल कोर्टात कळते. पंचनामा एकाचा, जबाब दुसऱ्याने नोंदवलेले, दोषारोपपत्रावर सही तिसऱ्याची. मग उलटतपासणीत त्यातल्या फटी उघड्या पडतात आणि फिर्यादीच्या पदरी निराशा येते. शिवाय मनासारखा तपास केला नाही म्हणून अधिकारी हलवता आला, तर प्रामाणिक माणसाने कोणाच्या भरवशावर उभे राहायचे? त्याच कायद्यात मात्र ‘प्रशासकीय निकड’ म्हणून मुदतपूर्व बदलीची वाट ठेवली आहे. ही वाट अरुंद व्हायला हवी.

दुसरी गोष्ट पोलीस तक्रार प्राधिकरणाची. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तिथे नेता येतात. न्यायालयाला हे प्राधिकरण जिल्ह्याजिल्ह्यात हवे होते. महाराष्ट्राने ते महसूल विभागाला एक दिले. म्हणजे पुण्यासह सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांची भिस्त एकाच कार्यालयावर. मार खाल्लेल्या, रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाने कोल्हापूरहून सव्वादोनशे किलोमीटर यायचे, याला सोय म्हणता येत नाही.

जिल्हा तिथे प्राधिकरण ही दुरुस्ती विधिमंडळाने करावी. तोवर प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात प्राधिकरणाचा पत्ता ठळक मराठीत लावावा. त्याला फारसा खर्चही नाही.

आणि वाचकहो, वेळ आलीच तर तक्रार लेखी द्या. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते. पोचेचा कागद न्यायाधीशांसमोर ठेवता येतो.