माझगावचे सी यप कून : देव, चव आणि अनुवाद

एखाद्या ठिकाणी चिनी पदार्थ मिळतात, यावरून तेथे चिनी समाज नांदत होता असे अनुमान करता येत नाही. दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात मोमो आणि चाऊमिन सहज मिळतात. परंतु मोमो राजधानीत आला तो मुख्यत्वे तिबेटी, नेपाळी आणि ईशान्येकडील स्थलांतरितांबरोबर. याउलट मुंबईतील माझगावात एके काळी चिनी वस्ती खरोखरच होती; आज ती जवळजवळ राहिलेली नाही. तिच्या मागे राहिलेल्या खुणांपैकी देवालय आणि खाद्य या दोन प्रमुख होत. दोहोंचे स्वरूप एका संस्कृतीच्या दुसऱ्या संस्कृतीत झालेल्या अनुवादाचे आहे. मात्र या अनुवादांची जातकुळी भिन्न आहे.

डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ, नवाब टँक रस्त्यावर 'सी यप कून' हे दुमजली देवालय आहे. ते १९१९ मध्ये उभारले गेले. 'सी यप' म्हणजे 'चार परगणे'. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील शिनहुई, ताइशान, काइपिंग आणि एनपिंग हे ते परगणे होत. गोदीच्या आश्रयाने राहणाऱ्या चिनी खलाशांमध्ये या परगण्यांतील लोकांचा भरणा होता. परदेशी उतरलेल्या माणसाला आपल्या गावची बोली ऐकू येईल अशी जागा हवी असते. देवालयाच्या नावात कोणा देवाऐवजी मुलखाचा उल्लेख आहे, तो याच गरजेतून. कोलकात्याच्या टिरेटा बाजारातही 'सी इप' या नावाचे देवालय आहे. ही दोन नावे एकाच शब्दाची दोन रूपे असून, एकाच मुलखातील माणसे दोन्ही बंदरांत पोचल्याची साक्ष देतात.

माझगावच्या देवालयात वरच्या मजल्यावर ग्वान गोंग आणि तळमजल्यावर ग्वान यिन यांची स्थाने आहेत. ग्वान गोंग हा मुळात ग्वान यू नावाचा, इ. स. २२०च्या सुमारास मारला गेलेला ऐतिहासिक सेनानी. 'तीन राज्यांची कथा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिजात चिनी कादंबरीने त्याची निष्ठा घरोघरी पोचवली, आणि लोकश्रद्धेने त्याला न्यायाचा व शौर्याचा देव मानले. इतिहास, आख्यान आणि उपासना यांची ही साखळी महाराष्ट्रातील वीरपूजेच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

ग्वान यिनचा प्रवास याहून अर्थपूर्ण आहे. ही करुणेची देवता म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे चिनी रूप. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये 'सद्धर्मपुंडरीक' सूत्राचा चिनी अनुवाद केला. संकटात जो या बोधिसत्त्वाचे स्मरण करील त्याला तो तारतो, असे आश्वासन या सूत्रातील एका प्रकरणात आहे, आणि त्या संकटांत समुद्रावरील संकटही येते. भारतात पुरुषरूपात कल्पिलेला हा बोधिसत्त्व चीनमध्ये कालांतराने स्त्रीरूपात पूजला जाऊ लागला. आता महाराष्ट्रातील लेण्यांकडे पाहावे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आणि मुंबईतच असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला असून, त्या भयांत बुडत्या नौकेचे दृश्यही आहे. खलाशांनी माझगावात आणलेली देवता त्यांच्या दृष्टीने चिनी होती. वस्तुतः ती लिंग आणि नाव बदलून मूळ प्रदेशात परतली होती. बुडत्याला तारणे हे तिचे कार्य मात्र या दीर्घ अनुवादात शाबूत राहिले.

खाद्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले. नाव टिकले आणि आशय बदलला. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 'चिकन मंचुरियन' प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण आणि हिरवी मिरची या देशी फोडणीत सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून सिद्ध झालेल्या या पदार्थाचा मांचुरियाशी नावापुरताच संबंध आहे. 'शेजवान' चटणीची कथाही अशीच. सिचुआनी पाककृतीचा प्राण म्हणजे जिभेला झिणझिण्या आणणारी तेथील मिरी. मुंबईच्या गाडीवरील लाल चटणीत ती नसते, असते ती सुकी मिरची आणि लसूण. गंमत अशी की, त्या मिरीच्या कुळातील तिरफळ कोकणात आणि गोव्यात माशांच्या आमटीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे. खरा आप्त शेजारच्या मालवणी स्वयंपाकघरात असताना 'शेजवान'ने त्याची ओळख ठेवली नाही. 'चायनीज भेळ' या नावात तर विशेषणच तेवढे चिनी उरले आहे.

या खाद्याचा प्रसार आणि चिनी वस्तीचा ऱ्हास या प्रक्रिया पाठोपाठ घडल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, पश्चिम बंगाल इत्यादी भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ होते, आणि शेवटच्या काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडले. अन्यत्रही निर्बंध आणि संशय यांमुळे अनेक कुटुंबांनी देश सोडला. मंचुरियन लोकप्रिय झाले ते त्यानंतरच्या काळात. चव स्वीकारणाऱ्या समाजाने ती आणणाऱ्या माणसांनाही स्वीकारले होते, असे म्हणणे म्हणूनच कठीण आहे.

माणसांची नोंद साहित्याने घेतली, ती वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळ्या काळी. महादेवी वर्मा यांच्या 'स्मृति की रेखाएँ' (१९४३) या संग्रहातील चिनी फेरीवाल्याच्या रेखाचित्रात हरवलेल्या बहिणीचे दुःख आहे. त्यावरून मृणाल सेन यांनी १९५९ मध्ये 'नील आकाशेर नीचे' हा बांगला चित्रपट केला. आसामातील चिनी समाजाची वाताहत रीता चौधरी यांच्या 'माकाम' (२०१०) या असमिया कादंबरीत येते. मराठीभाषकांच्या सार्वजनिक स्मृतीत चीनशी जोडलेले सर्वांत ठळक नाव मात्र सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. ते १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. ही स्मृती जाणाऱ्याची आहे. माझगावच्या गोदीत उतरलेल्यांना तीत जागा मिळायची आहे.

अशा स्थितीत सी यप कून हे केवळ वारसास्थळ ठरत नाही. चार परगण्यांचे नाव, कादंबरीतून देवत्वाला पोचलेला सेनानी आणि कान्हेरीशी नाते सांगणारी करुणादेवता या तिन्हींमुळे ते वाचण्याजोगी संहिता ठरते. चिनी नववर्षाला तेथे आजही उदबत्त्या लागतात, तोवर ही संहिता तिच्या वाचकांसह उपलब्ध आहे. मंचुरियनची पाककृती कोणीही लिहून ठेवील. या देवालयाचा अर्थ सांगू शकणारी माणसे मात्र मोजकी उरली आहेत, आणि अभ्यासाची निकड आहे ती तेथे.