तीन अंशांचा कल

रिद्धपूरहून पश्चिमेला चांदूर बाजार आणि परतवाडा ओलांडलं की मेळघाटचा चढ लागतो. संत्र्याच्या बागांतला काळ्या मातीचा चिखल, मग सपाट डांबरी, मग सेमाडोहकडे नेणारी वळणं. पुढच्या चाकांची सगळी परीक्षा या एका वाटेवर होते. जंगल सफारीमुळे मारुती जिप्सी या भागाला चांगली ओळखीची. जुन्या जीपवरही इथं जीव लावणारे आहेत. चिखलातून जायला आणखी उंच, आणखी दणकट गाडी हवी म्हणून त्यातले काही जण पुढचा एक्सलच बदलतात. खरं कसब लागतं ते याच कामात, आणि ते जवळजवळ सगळं कोनांचं आहे.

महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. या जीपचा पुढचा एक्सल म्हणजे एक अखंड लोखंडी हाउसिंग, खाली पाट्यांच्या कमानी आणि दोन्ही टोकांना किंग-पिनवर फिरणारे, चाक धरणारे नकल. युद्धकाळातल्या विलिसचे आकडे आजही डोळ्यांसमोर ठेवावेत असे आहेत: कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश, किंग-पिनचा आतला कल साडेसात अंश आणि टो-इन साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटर.

यातला कॅस्टर म्हणजे बाजूने पाहताना किंग-पिनचं वरचं टोक मागे झुकणं. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं ते मुख्यतः त्याच्या जोरावर. कॅस्टर कमी पडला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि वेगात गाडी भरकटते. फार वाढला की हात दुखतात. कॅम्बर हा चाकाचा बाहेरचा कल. अखंड एक्सलमध्ये तो हाउसिंगच्या घडणीतच असतो, म्हणून हाउसिंगची नळी वाकली असेल तर आधी ती सरळ करावी लागते. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं, तेवढा टाय रॉड फिरवून जुळतो.

जीप आणि जिप्सी, दोन्हींत कमानी मुळात एक्सलच्या खालून जातात. त्या वर आणल्या की गाडी काही इंच उचलली जाते. पण त्यासाठी कमानीच्या बैठका नळीच्या वरच्या अंगाला नव्याने वेल्ड कराव्या लागतात. दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवतानाही हेच. ती बैठक ज्या कोनात चिकटेल, तोच त्या गाडीचा कॅस्टर.

पेच इथेच आहे. कॅस्टर वाढवायला हाउसिंग मागे फिरवलं की त्याच्या मागच्या अंगाला असलेल्या पिनियनचं तोंड खाली जातं. गाडी उंच झाल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट आधीच तिरपा झालेला असतो, आता त्याच्या यू.जे. क्रॉसवरचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) कोन आणखी वाढतो आणि फोर-व्हीलमध्ये थरथर सुरू होते. पिनियन वर उचलावं तर कॅस्टर जातो. एक-दोन अंशांचा फरक बैठक आणि कमान यांच्यामधल्या लोखंडी पाचरीने भागवता येतो. त्याहून जास्त असेल तर नळीच्या टोकाचं नकलचं घर कापून, फिरवून पुन्हा जोडणं हाच नीट मार्ग. हे काम ज्याच्या वेल्डिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल, त्याच्याकडेच द्यावं.

कोन मोजायचा तो गाडी सपाट फरशीवर, इंजिन, बंपर, विंच असं सगळं वजन कमानींवर असताना. जॅकवर लटकलेल्या एक्सलचा आकडा निरुपयोगी. जुन्या जीपचा व्हीलबेस ८० इंच. मागची बाजू जेमतेम दीड इंच जास्त उचलली तरी कॅस्टर सुमारे एक अंशाने घटतो. म्हणून आधी मागची उंची कायम करावी, मग पुढच्या बैठकांना नुसते टाके मारावेत, पुन्हा मोजावं आणि शेवटीच पूर्ण वेल्ड करावं.

कॅस्टर मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. चाक आधी बाहेर २० अंश वळवून कॅम्बर मोजावा, मग आत २० अंश वळवून. दोन्हींतल्या फरकाला दीडने गुणलं की कॅस्टर मिळतो. फरक २ अंश आला, तर कॅस्टर विलिसइतका, ३ अंश. टो-इनसाठी टायर फिरवत खडूने मध्यरेषा आखतात आणि एक्सलच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर टेपने घेतात.

खड्ड्यातून बाहेर येताच स्टिअरिंग थडथडायला लागलं, तर गॅरेजमध्ये त्याला वॉबलिंग म्हणतात आणि बोट लगेच कॅस्टरकडे जातं. बरेचदा दोष सैल किंग-पिन बेअरिंगचा, झिजलेल्या टाय रॉड एंडचा किंवा बॅलन्स नसलेल्या टायरचा असतो. ते तपासल्याशिवाय पाचर घालणं म्हणजे दुखणं झाकणं.

कायद्याची बाजूही गंभीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने वाहनातल्या बदलांवर बंधन घातलं आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. एक्सल बदललेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणं भाग आहे. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीवही त्या वेल्डवर टांगलेला असतो. शंभरेक किलोमीटर चालल्यावर कमानी दबतात, यू-बोल्ट सैल होतात. तेव्हा ते कसून टो-इन आणि कॅस्टर दोन्ही पुन्हा मोजावे लागतात.