भाडेकरूने मीटरचे रीडिंग का व कसे नोंदवावे

शिक्षणासाठी, नोकरीसाठी गावाकडून पुणे, नागपूर, मुंबईला येणारी आपली मुले-मुली पहिली काही वर्षे भाड्याच्या खोलीतच काढतात. खोली घेताना भाडे किती, डिपॉझिट किती, पाणी केव्हा येते, हे सारे विचारले जाते. विजेच्या मीटरवर त्या दिवशी कोणता आकडा आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. पुढे खोली सोडताना डिपॉझिटमधून जी रक्कम कापली जाते, तिच्यापुढे बहुधा 'लाइटबिल' असे लिहिलेले असते. असा विद्यार्थी तक्रार घेऊन आला की आम्ही प्रथम विचारतो, राहायला आलात त्या दिवशीचे रीडिंग आहे काय? बहुतेकांकडे ते नसते, आणि मग भांडण्यासारखे हातात काही उरत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

मीटर कोणासाठीही शून्यावर येत नाही. भाडेकरू बदलतो, मीटर पुढेच जातो. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केले की वापरलेले युनिट निघतात. एक युनिट म्हणजे १०० वॅटचा दिवा १० तास, किंवा १००० वॅटचे उपकरण १ तास. आता समजा, वीज कंपनीच्या माणसाने २५ मे रोजी रीडिंग घेतले, आपण १२ जूनला राहायला आलात आणि पुढचे रीडिंग २५ जूनला झाले. त्या बिलातील सुरुवातीचे १८ दिवस आपले नव्हेत. परंतु १२ जूनचा आकडा नसेल तर ते वेगळे कसे काढणार?

याहून मोठा घोळ सरासरीच्या बिलाचा. घर बंद असले किंवा मीटर वाचता आला नाही, की सरासरीने बिल येते आणि प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर फरक एकदम अंगावर पडतो. तो फरक आधीच्या भाडेकरूच्या काळातला असू शकतो. म्हणून खोली ठरवतानाच मागील बिल मागून घ्यावे व चालू रीडिंगच्या जागी आकडा आहे की 'लॉक', 'फॉल्टी' किंवा 'आरएनए' असा शेरा आहे, ते पाहावे. त्याच बिलावर थकबाकीही दिसते. जागेच्या आधीच्या धारकाची थकबाकी नियमात तशी तरतूद असल्यास नव्या धारकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले आहे. ते प्रकरण मालमत्ता विकत घेणाऱ्यांचे होते. तरीही वीज तोडली गेली तर अंधारात बसतो तो राहणाराच.

नोंद कशी करावी? तारीख, वेळ, मीटरचा क्रमांक व रीडिंग एका वहीत लिहून घरमालकाची सही घ्यावी. मोबाइलवर फोटो काढावा, त्यात मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. तो त्याच दिवशी घरमालकास पाठवून द्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर तारीख, वेळ, व्होल्टेज असे आकडे आळीपाळीने येतात. आपल्याला 'केडब्ल्यूएच' लिहिलेला आकडा हवा. भाडेकरारात हे रीडिंग घातले तर फारच उत्तम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकाची आहे.

पहिल्याच दिवशी आणखी एक परीक्षा करावी. खोलीतील सर्व बटणे बंद करून मीटरवरील लाल दिवा पाहावा. तो लुकलुकतच राहिला तर जिन्यातील दिवा किंवा शेजारच्याचा पंखा आपल्या मीटरवर असण्याची शक्यता आहे. मीटरवर '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असे छापलेले असेल तर ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होते. पाणी तापवण्याचा १००० वॅटचा रॉड एकटाच लावला तर मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकावा. फारच तफावत दिसली तर मीटर तपासून मागता येतो. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर करून पाहावे!

विद्यार्थ्यांना खरा त्रास होतो तो सब-मीटरचा. घराला एकच मुख्य मीटर, आणि प्रत्येक खोलीला घरमालकाने बसवलेला सब-मीटर. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, असे टप्पे आहेत. चार खोल्यांनी प्रत्येकी ६० युनिट वापरले तरी मुख्य मीटरवर २४० होतात आणि स्वस्त टप्प्याचा लाभ प्रत्येकाला पुरता मिळत नाही. हा घरमालकाचा दोष नव्हे. मात्र यावर मनाला येईल तो दर युनिटमागे लावणे आम्हाला पटत नाही. हिशेब सरळ आहे. हिशेबाच्या सोयीसाठी २४० युनिटांचे बिल २४०० रुपये धरले, तर सरासरी १० रुपये पडते. ज्याच्या सब-मीटरवर ३६ युनिट, त्याने ३६० द्यावेत. सब-मीटरांची बेरीज मुख्य मीटरपेक्षा कमी भरते, कारण पंप व जिन्यातील दिवे त्यात नसतात. तो फरक कोणी सोसायचा, हे आधीच बोलून घ्यावे. मात्र यासाठी मुख्य मीटरचे बिल दरमहा पाहायला मिळाले पाहिजे. स्मार्ट मीटर आले तरी बिलाचा संदेश ग्राहकाच्या, म्हणजे बहुधा घरमालकाच्याच मोबाइलवर जातो. म्हणून वहीची गरज संपलेली नाही.

पाण्याचा मीटर असेल तर तोही असाच लिहावा. त्यावर बहुधा काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार लिटरचे असतात व लाल आकडे त्याखालचे.

आपले कित्येक सभासद आज स्वतः घरमालक आहेत. त्यांनी भाडेकरूस बिल न मागता दाखवावे आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. कायद्यानेही ती द्यावीच लागते. वाद झाला म्हणून वीज-पाणी तोडण्यास त्याच अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई आहे.

खोली सोडताना चावी देण्यापूर्वी दोघांनी मिळून शेवटचे रीडिंग घ्यावे. त्या महिन्याचे बिल मागाहून येणार असते, म्हणून मागील बिलाच्या सरासरी दराने रक्कम ठरवून ती कागदावर लिहून दोघांनी सही करावी. डिपॉझिट हातात पडेपर्यंत वही टाकू नये.