पोटातला तुकडा
लाकडी घन बाहेरून रंगवला, प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करून 27 तुकडे केले. बिनरंगाचे किती? बरेच जण ‘एकही नाही’ म्हणतात. मोजू या. कोपऱ्यांचे 8, त्यांना तीन पृष्ठांवर रंग. कडांचे 12, दोन पृष्ठांवर. पृष्ठांच्या मधले 6, एकावर. झाले 26. उरला एक, पोटातला. दिसत नाही म्हणून आपण त्याला धरतच नाही!

कापायला सहा काप लागतात. मधे तुकडे एकमेकांवर रचले, तर पाचांत भागेल? नाही, आणि त्यासाठी नाना रचना करून बघायलाही नकोत. पोटातल्या तुकड्याची सहाही पृष्ठं करवतीनेच उघडलेली, आणि एका सरळ कापाने त्याचं फार तर एकच पृष्ठ उघडतं.