आजोबा कितीदा आले?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या स्पॅनिशच्या बाईंनी निबंधाच्या वह्या परत दिल्या. विषय साधाच होता : लहानपणची एक आठवण. मी मिरजेच्या आजोबांवर लिहिले होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले माझे आजोबा शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहत, कोपऱ्यावरच्या गाडीवर शेंगदाण्यांची पुडी घेऊन देत आणि घरापर्यंतच्या वाटेवर गोष्ट सांगत. पहिली ते चौथी, अशी चार वर्षे. निबंध मी मनापासून लिहिला होता. वही उघडली तर शब्दांची चूक एकही नाही. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईत एकच प्रश्न : 'क्वान्तास बेसेस?' म्हणजे 'कितीदा?'

मी लिहिले होते, 'मी आब्वेलो बीनो', 'मे कोम्प्रो', 'मे कोन्तो'. (स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझा', हा योगायोग आपल्याला सुरुवातीला फार छळतो.) आजोबा आले, त्यांनी मला घेऊन दिले, त्यांनी मला सांगितले. मी बाईंना विचारले, "यात चुकले काय?" बाई म्हणाल्या, "अरे, तुझे आजोबा एकदाच आले, एकदाच दाणे घेतले, एकच गोष्ट सांगितली आणि गेले, असे वाचणाऱ्याला वाटते. चार वर्षांचे आजोबा तू एका दुपारीत संपवलेस." वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी जाताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्यानंतर दोन महिने मी या एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते आपल्या महाविद्यालयात परकीय भाषा शिकणाऱ्या इतर मित्रांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हा खटाटोप.

स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपे आहेत. 'आब्लार' म्हणजे बोलणे. 'आब्लो' म्हणजे तो बोलला. 'आब्लाबा' म्हणजे तो बोलत होता, किंवा तो बोलत असे. पहिल्याला प्रेतेरितो म्हणतात, दुसऱ्याला इम्पेर्फेक्तो. हा भेद स्पॅनिशला लॅटिनकडून वारशाने आला आहे आणि पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या बहिणींकडेही तो कमीअधिक बदलून आहेच. आंतोन्यो दे नेब्रिखा याने 1492 साली कास्तिलियन भाषेचे व्याकरण छापले, त्यात त्याने या दोन काळांना 'संपलेला भूत' आणि 'न संपलेला भूत' अशा अर्थाची साधी नावे दिली होती.

रूपे पाठ करणे हे यातले सोपे काम. इम्पेर्फेक्तो तर फारच गरीब स्वभावाचा : सबंध भाषेत त्याची अनियमित क्रियापदे तीनच. असणे (एरा), जाणे (इबा) आणि पाहणे (बेईया). प्रेतेरितो मात्र खोडकर. त्यात 'असणे' आणि 'जाणे' या दोन्ही क्रियापदांचे रूप एकच, 'फ्वे'! संदर्भावरून ओळखायचे. पण खरी अडचण रूपांची नाहीच. कोणते कुठे वापरायचे, ही आहे.

माझी चूक कुठे झाली, ते मला पुढे उमगले. आमचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतून लिहिलेले. स्पॅनिश वाक्य करताना मी आधी ते मनात इंग्रजीत करीत होतो आणि मग स्पॅनिशमध्ये. इंग्रजीत 'टोल्ड' म्हटले की एकदा सांगितले काय आणि रोज सांगितले काय, शब्द तोच चालतो. त्या गाळणीतून आजोबांची चार वर्षे गळून गेली. आणि मराठीत? मराठीत मी कधीच 'आजोबांनी गोष्ट सांगितली' असे म्हटले नसते. 'आजोबा गोष्ट सांगायचे', 'सांगत असत', असेच म्हटले असते. शाळेत आपण साधा भूतकाळ, अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ घोकला आहे : 'तो गेला', 'तो जात होता', 'तो जात असे'. यातला पहिला बहुतेक वेळा प्रेतेरितो. उरलेले दोन्ही मिळून स्पॅनिशचा एकटा इम्पेर्फेक्तो. म्हणजे इंग्रजीच्या मांडीवर बसून जे अवघड जाते, ते आईच्या मांडीवर बसून निम्मे तरी सोपे होते.

किती सोपे होते, याची एक गंमत पाहा. पाठ्यपुस्तकात एक भयंकर यादी असते : 'ही क्रियापदे प्रेतेरितोत गेली की त्यांचा अर्थ बदलतो.' इंग्रजीतून शिकणारे ती यादी घोकून घोकून बेजार होतात. 'साबीया' म्हणजे त्याला माहीत होते. 'सूपो' म्हणजे त्याला कळले. 'कोनोसीया' म्हणजे तो ओळखत होता. 'कोनोस्यो' म्हणजे त्याची ओळख झाली. 'पोदीया' म्हणजे त्याला करता येत होते. 'पूदो' म्हणजे त्याला जमले. 'नो केरीया' म्हणजे त्याची इच्छा नव्हती (पण केले असेलही). 'नो कीसो' म्हणजे त्याने नकारच दिला. आता यात मराठी माणसाला घोकण्यासारखे काय आहे? 'माहीत होते' आणि 'कळले' यांत आपली कधी गल्लत होते का? एक स्थिती आहे, दुसरी घटना आहे. आधीपासून असलेली स्थिती इम्पेर्फेक्तोत, ती स्थिती ज्या क्षणी सुरू झाली तो क्षण प्रेतेरितोत. अर्थ बदलतो असे नव्हे; आपण तीच गोष्ट दोन ठिकाणी उभे राहून पाहतो.

मात्र मराठी आपल्याला सगळ्याच ठिकाणी हात देते असे समजू नये. तीन ठिकाणी ती पाय घसरवते.

पहिली जागा म्हणजे आपला 'होता'. हा शब्द फार उदार आहे; तो दोन्हीकडे जातो. दोन किहोतेची कथा लिहिणारा सेर्वान्तेस 1575 ते 1580 अशी पाच वर्षे अल्जीयर्सला कैदेत होता. मराठीत 'होता', म्हणून मी वर्गात इम्पेर्फेक्तोतले 'एस्ताबा' म्हटले. बाई म्हणाल्या, "पाच वर्षे असे मोजून टाकलेस ना? मग कुंपण पडले. 'एस्तूबो'." इथे मला मोठा धडा मिळाला. मी समजत होतो की लांबलचक गोष्ट म्हणजे इम्पेर्फेक्तो आणि पटकन उरकलेली म्हणजे प्रेतेरितो. हे साफ चूक आहे. क्रिया शंभर वर्षे चालली तरी दोन्ही टोके धरून तिच्याकडे एक गाठोडे म्हणून पाहिले, की प्रेतेरितो. उलट दोन मिनिटांची क्रियाही मधून पाहिली, तिची टोके दिसत नसली, की इम्पेर्फेक्तो. प्रश्न लांबीचा नाही, कुंपणाचा आहे.

त्याच 'होता'चे दुसरे उदाहरण : 'काल माझी परीक्षा होती.' 'आयेर तूबे उन एग्सामेन' म्हटले, तर परीक्षा दिली, आटोपली. 'तेनीया उन एग्सामेन' म्हटले, तर परीक्षा होती खरी; पण तुम्ही गेलात की अंथरुणात पडून राहिलात, हे ऐकणाऱ्याला पुढच्या वाक्यापर्यंत कळत नाही. परीक्षकाशी बोलताना कोणते वापरावे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

दुसरी जागा म्हणजे 'मी झोपलो होतो', 'तो बसला होता', 'ती उभी राहिली होती'. व्याकरणाच्या तक्त्यात हा पूर्ण भूतकाळ. पण 'मी झोपलो होतो, तेवढ्यात फोन वाजला' यात माझी झोप पूर्ण झालेली नसते, चालूच असते! इथे तक्ता पाहून स्पॅनिशचा पूर्ण भूतकाळ वापरला तर वाक्य बिघडते. स्पॅनिश म्हणते, 'दोर्मीया', झोपेत होतो, इम्पेर्फेक्तो. आणि 'सोनो' म्हणजे फोन वाजला, तो प्रेतेरितो. नावाकडे न पाहता अर्थाकडे पाहावे लागते.

तिसरी जागा वयाची. 'मी आठ वर्षांचा होतो' हे 'तेनीया ओचो आन्योस', इम्पेर्फेक्तो. घड्याळात किती वाजले होते तेही इम्पेर्फेक्तो. इथवर ठीक. पण 'मला आठ वर्षे पूर्ण झाली' म्हटले की ती वाढदिवसाच्या दिवशीची घटना झाली, 'कुम्प्ली ओचो आन्योस', प्रेतेरितो. मराठीतली दोन वाक्ये शेजारी ठेवली तर भेद दिसतो. घाईत बोलताना तो निसटतो.

या सगळ्याचा मेळ घालणारे सूत्र मला आंद्रेस बेल्यो याच्याकडे सापडले. काराकासमध्ये जन्मलेल्या या विद्वानाने 1847 साली चिलीत आपले स्पॅनिश व्याकरण प्रसिद्ध केले. त्याने 'अपूर्ण' हे नाव टाकून दिले आणि इम्पेर्फेक्तोला 'कोप्रेतेरितो' म्हटले; आपण 'सहभूत' म्हणू. म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या वेळी जे सोबत चालू होते, ते. मेक्सिकोतल्या शाळांतून हे नाव आजही शिकवतात. मला ते फार पटले. गोष्ट सांगताना 'मग काय झाले?' या प्रश्नाला जी क्रियापदे उत्तर देतात आणि कथेला पाऊल पुढे टाकायला लावतात, ती प्रेतेरितोत. 'तेव्हा काय चालले होते, कसे होते, काय करीत असत?' याला उत्तर देणारी सहभूतात. आता मी वाक्य लिहिण्यापूर्वी हे दोन प्रश्न मराठीतच विचारतो. दहांपैकी आठ वेळा उत्तर बरोबर येते. उरलेल्या दोन वेळा 'होता' फसवतो.

आणि काही ठिकाणी दोन्ही बरोबर असतात, हे मला सर्वांत उशिरा कळले. 'माझे आजोबा रेल्वेत होते' हे वाक्य मी बाईंना विचारले. 'एरा' की 'फ्वे'? आजोबा आता नाहीत. बाई थोडे थांबून म्हणाल्या, "'फ्वे' लिहिलेस तर सगळे आयुष्य मिटून हातात घेतल्यासारखे होते, वर्तमानपत्रातल्या परिचयात तसे लिहितात. 'एरा' लिहिलेस तर तू त्या दिवसांत उभा राहून सांगतोस. व्याकरण दोन्हीला संमती देते. ते तुझे तू ठरव."

मी 'एरा' लिहिले. निबंध पुन्हा लिहून काढला. 'बेनीया', यायचे. 'मे कोम्प्राबा', घेऊन द्यायचे. 'मे कोन्ताबा', सांगायचे. आजोबा चार वर्षे रोज येऊ लागले. शेवटचा परिच्छेद मात्र मी पहिल्यासारखाच ठेवला. चौथीतल्या एका दुपारी शाळा सुटली, ऊन होते, मुले घरी जात होती, गाडीवाला दाणे भाजत होता, मी फाटकाशी वाट पाहत होतो. ही सगळी क्रियापदे इम्पेर्फेक्तोत. त्यानंतर दोनच शब्द : 'नो बीनो.' ते आले नाहीत.

या वेळी त्या वाक्यापुढे बाईंनी 'कितीदा?' असे विचारले नव्हते.