नऊवारी नेसून आभाळातून उडी!

बालमित्रांनो, अलिबागजवळच्या किहीमला तुमच्यापैकी बरेच जण सहलीला गेले असतील. पुढे समुद्र, किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि मागे कनकेश्वराचा डोंगर. हा डोंगर असेल बाराशे फुटांच्या आसपास. पायऱ्या चढून वर पोचेपर्यंत चांगलाच दम लागतो, नाही? आता अशी कल्पना करा, की असे दहा-अकरा डोंगर एकावर एक ठेवले आहेत आणि तेवढ्या उंचीवरून एक बाई खाली उडी मारते आहे. तीसुद्धा चापूनचोपून नऊवारी नेसून!

थाप वाटली? मुळीच नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमधल्या पट्टाया इथे विमानातून अशी उडी घेतली. उंची होती सुमारे तेरा हजार फूट. पाठीवर अर्थातच पॅराशूट होतं. या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात.

या उडीत नेमकं होतं काय, ते समजायला घरच्या घरी एक गंमत करून पाहा. वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा चुरगळून बोळा करा, दुसरा तसाच ठेवा आणि दोन्ही एकदम खाली सोडा. बोळा पटकन पडेल, सपाट कागद मात्र तरंगत येईल. वजन दोघांचं सारखंच, पण सपाट कागदाला हवा जास्त अडवते. आभाळातून पडणारा माणूस हीच युक्ती करतो. तो हातपाय पसरून पालथा पडतो. वेग वाढत वाढत तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि मग हवेचा विरोध शरीराच्या वजनाइतका झाला, की वेग वाढायचा थांबतो. जेमतेम पाऊण मिनिट असं पडायचं आणि ठरलेल्या उंचीवर पॅराशूट उघडायचं. उंची कशी कळते? मनगटावर घड्याळासारखं एक यंत्र असतं ना! शिवाय एक पॅराशूट दगा देईल म्हणून पाठीवर दुसरंही असतं.

आता त्या वेगात साडीचा पदर सुटला तर? तो फडफडत पॅराशूटच्या मुठीत नाहीतर दोऱ्यांत अडकायचा. म्हणून शीतलताईंनी साडी जागोजागी पिना लावून आणि चिकटपट्टीनं पक्की केली होती. म्हणजे पाहा, लोकांना दिसली ती उडी, पण खरी हुशारी होती आधीच्या तयारीत.

आणि नऊवारीच का, असं विचाराल तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळणींकडे पाहा. काष्टा मारला की पाय मोकळे. मासळीची पाटी घेऊन झपाझप चालता येतं, उड्या मारता येतात. नऊवारी ही मुळात कामाची आणि चालण्या-धावण्याची साडी, बरं का! बाईनं साडी नेसली म्हणजे तिनं एका जागी बसायचं, हे कुणी सांगितलं?

शीतलताईंची पहिली उडी तर याहून नवलाची. १८ एप्रिल २००४ या दिवशी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून हेलिकॉप्टरमधून उडी मारली. तापमान होतं उणे ३७ अंश! त्याआधी सरावाची एकही उडी झालेली नव्हती. (तुम्ही मात्र याचं अनुकरण करायचं नाही हं!) डिसेंबर २००६ मध्ये त्या दक्षिण ध्रुवावरही उतरल्या. पुढे सातही खंडांत त्यांच्या उड्या झाल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेऊन त्या काला पत्थरवर उतरल्या, तेव्हा त्या जुळ्या मुलांच्या आई होत्या.

त्यांच्याआधी ही वाट आणखी एका भारतीय बाईनं चालून ठेवली होती. रेचेल थॉमस यांनी १९७९ मध्ये पहिली उडी घेतली आणि २००२ मध्ये त्याही उत्तर ध्रुवावर उतरल्या. एकीनं केलं, की दुसरीला वाटतं, 'मलाही जमेल.' शीतलताईंनी तर आपली विद्या इतरांना शिकवण्यासाठी पुण्यात 'फिनिक्स' नावाची स्कायडायव्हिंग अकादमी काढली.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. किहीमसमोरचा समुद्र कोणता? अरबी समुद्र. त्याच्या पल्याड अरबांचे देश आहेत. त्यांतल्या सौदी अरेबियात मुलींच्या सरकारी शाळांमध्ये खेळाचा तास सुरू करायचा निर्णय झाला तो थेट २०१७ मध्ये! पण त्याच्या चार वर्षं आधी, १८ मे २०१३ रोजी, जेद्दाची राहा मोहर्रक एव्हरेस्टवर पोचली होती. तिथं पोचणारी ती पहिली सौदी स्त्री. २०११ मध्ये आफ्रिकेतलं किलिमांजारो शिखर चढायचं तिनं ठरवलं, तेव्हा वडील आधी 'नाही'च म्हणाले होते. ती रुसून बसली नाही. तिनं त्यांना लांबलचक ई-मेल लिहून आपलं म्हणणं नीट पटवून दिलं. मग होकार आला!

आई-बाबा, आता थोडं तुमच्याशी. आपल्याकडे मुलींना खेळाचा तास आहे, मैदानही आहे. पण संध्याकाळी मैदानावर किती मुली दिसतात? 'पडशील', 'काळी होशील', 'आता मोठी झालीस' ही वाक्यं आपल्या तोंडून किती वेळा निघतात, ते एकदा मोजून पाहा. मुलीला आभाळातून उडी मारायला पाठवा असं कुणी म्हणत नाही. पोहायला, सायकल चालवायला, डोंगर चढायला तर पाठवाल ना? जमलं तर तिच्याबरोबर तुम्हीही जा.

आणि मुलांनो, धाडसाचे तीन नियम वहीत लिहून ठेवा. शिकल्याशिवाय करायचं नाही. मोठ्यांना न सांगता जायचं नाही. आणि भीती वाटली तर लाजायचं नाही, कारण दोऱ्या आणि पिना पुन्हा एकदा तपासायची आठवण तीच करून देते.